गोमुखाखालचा कोरडा तांब्या

मी दहावीत होते, त्या श्रावणातल्या पहिल्या सोमवारी माझ्या मावशीवर अन्याय झाला. ओल्या सिमेंटचा वास आला की आजही डोकं तापतं. लोहा गावाजवळच्या आमच्या महादेवाच्या हेमाडपंती देवळात, गाभाऱ्यात बायांना बंदी होती. अभिषेकाचं पाणी भिंतीतल्या दगडी गोमुखातून बाहेर यायचं, त्याखाली तांब्या धरून त्या तीर्थ घ्यायच्या. देवळाच्या कमिटीनं आत चकचकीत फरशी बसवताना पाण्याची वाटच बुजवली. मावशीचा तांब्या कोरडा आणि आत पुजारी घोटाभर पाण्यात! “आक्का, फरशी लई भारी हाय की!” दारातून अध्यक्ष म्हणाले. “हाव, बघायलाच येते. तीर्थ आत तुंबलंय, तर आतूनच घेते,” म्हणत तिनं उंबरा ओलांडला. अडवायची कुणाची छाती झाली नाही. आता मीही आतूनच तीर्थ घेते. बायांनो, येत्या सोमवारी तुमच्या गावच्या गाभाऱ्याचा उंबरा ओलांडा.