काळी चारातली आई

इनायतुल्लाभाईंकडे मुकं यंत्र नेलं तर चालतं, पण गिऱ्हाइकानं मुकं राहून चालत नाही. अकोल्यात ताजनापेठेत माझ्या कटलरीच्या दुकानाला लागून त्यांचं टेप-रेडिओ दुरुस्तीचं दुकान आहे. टेप बिघडला, एवढ्या सांगण्यावर त्यांचं भागत नाही. कसा बिघडला ते तोंडानं वाजवून दाखवावं लागतं. चांगली पिकल्या मिशांची माणसं तिथं उभी राहून खर्र, फुस्स, कुईं करतात आणि मी इकडं बांगड्या लावता लावता हसत असतो. खर्र म्हणजे आवाजाच्या बटणात कचरा गेला. रजईआडून आल्यासारखा दबका आवाज असेल तर फितीवरून आवाज उचलणारं हेड मळलं, नाहीतर तिरकं झालं. निदान सांगताना त्यांचा थाट मोठ्या डॉक्टरचा, आणि आपलं चुकलं असेल हे तर त्यांच्या गावीच नसतं.

परवा मूर्तिजापूरच्या साधनाताई आल्या. तिथं त्या अंगणवाडी चालवतात. ओढणीत गुंडाळून आणलेला, खांद्याला लटकवायचा जुना टेप आणि आत एकच कॅसेट. त्या दीड वर्षाच्या असताना त्यांची आई वारली. तिचा फोटोसुद्धा नाही. गावच्या भजनात तिनं म्हटलेलं एक भजन तेवढं या कॅसेटवर उरलंय. वडील ते कधी ऐकत नसत, लागलं की उठून बाहेर जात. साधनाताई मात्र तेच ऐकत वाढल्या, आणि या टेपमध्ये दुसरी कॅसेट त्यांनी कधी घातलीच नाही. आता खरखरीत आईचा आवाज बुडत चालला होता. त्यांनी लाजत लाजत खर्र करून दाखवलं.

भाईंनी स्पिरिटनं हेड पुसलं, बटण साफ केलं. टेपची चालही त्यांना मंद वाटली, म्हणून न विचारताच सैल पट्टा बदलला आणि मोटरच्या मागचा वेगाचा स्क्रू फिरवला. मग कॅसेट लावली. खरखर पार गेली होती. पण साधनाताईंचा चेहरा उतरला. त्यांची आई जड, संथ, पोक्त आवाजात गायची. हा आवाज पातळ आणि चपळ होता.

"ही माही माय नाही, चाचा," त्या म्हणाल्या. "काय करून टाकलं तुमी तिले?"

आता भाई भडकणार, असं समजून मी मध्ये पडायला उठलो.  पण त्यांनी हळूच विचारलं, भजनात पेटी कोण वाजवतंय? भगवंतमामा, ताई म्हणाल्या. मामा बाळापूरला असतात, आणि पेटीही अजून त्यांच्याकडेच आहे.

"लावा फोन. मानसाचा गळा बदलते, पेटीचा सूर नाही बदलत."

मामांनी सांगितलं, त्यांची बहीण काळी चार सोडून दुसऱ्या सुरात कधी गायलीच नाही. त्यांनी तिकडं पेटीवर काळी चारची, म्हणजे चौथी काळी पट्टी दाबून धरली. इकडं भाईंनी कॅसेट मागं नेली, भजनाआधी पेटी नुसताच सूर धरते तिथं. आजची पेटी आणि चाळीस वर्षांपूर्वीची तीच पेटी, दोघींचे सूर एकमेकांवर थरथरत होते. भाईंनी स्क्रू केसभर फिरवला. थरथर थांबली आणि एकच सूर राहिला.  देवळातही कधी माझे हात इतके आपसूक जुळले नव्हते.

मग आई गायला लागली. तोच पातळ आवाज. दोन ओळींच्या मधे कुणीतरी काही बोललं असावं, तर ती खुदकन हसली.

भाई म्हणाले, इतकी वर्षं टेपच मंद चालत होता, खरा आवाज हाच; पण पहिल्यासारखा जड आवाज हवा असेल तर स्क्रू मागं फिरवून देतो, तुमची मर्जी. साधनाताईंनी त्यांना हातानंच थांबवलं आणि फोनवर मामांना आईचं तेव्हाचं वय विचारलं.

"इसाची बी नसन," मामा म्हणाले. "पोरगीच तं होती थे."

साधनाताईंची लेक आकांक्षा अमरावतीला कॉलेजात आहे, एकोणीस वर्षांची. त्यांनी टेप उचलून मांडीवर घेतला. भजन चढावर आलं होतं आणि आईचा श्वास अपुरा पडत होता. ताईंनी टेपवरून हात फिरवला.

"हळू म्हन पोरी," त्या म्हणाल्या. "दम लागन तुले."