कृष्णनाथ मरतो तेव्हा

आमोण्याच्या कृष्णनाथला वर्षातून एकदा मरायची सवय होती. देवळाच्या उत्सवात गावातल्या आमच्या वाड्यावरची माणसे नाटक करायची आणि नाटक बहुतेक तेच असायचे. दिवाणखान्यात खुर्चीवर मरून पडलेले शेटजी, भोवती घरची माणसे, आणि एकेकाला बोलते करणारा गुप्तहेर. याच नाटकावरून फार पूर्वी एक कृष्णधवल सिनेमाही निघाला होता. तो थिएटरात पाहिलेले म्हातारे वाड्यावर अजून आहेत. आमच्या नाटकातले शेटजी म्हणजे कृष्णनाथ.

लहानपणापासून बोलताना त्याची जीभ अडखळायची. खनिज वाहणाऱ्या बार्जवर दोर सांभाळताना त्यामुळे काही बिघडले नाही, आणि खाणी बंद झाल्यावर शेतात तर बोलायला कोणी नव्हतेच. पण रंगमंचावर त्याला दुसरे काम कोण देणार? मरायचे काम मात्र तो मन लावून करी. नाकावर डास बसला तरी हलत नसे. उत्सव जवळ आला की पाव घेऊन येणारा पोदेरसुद्धा त्याला विचारी, "काय शेटी, यंदा कधी मरतलात?"

वाड्याची एक रीत होती. देवासमोर मेलेले माणूस तसेच पडून राहू नये, म्हणून पहिला अंक संपताना शेटजी उठायचे, देवळाकडे वळून हात जोडायचे आणि आत जायचे. गुप्तहेर बिचारा तेवढा वेळ तोंड फिरवून उभा राही. मांडव टाळ्यांनी दणाणून जाई.

यंदा नाटक बसवायला घेतले सिद्धेशने. वाड्यावरचाच मुलगा, कंप्युटर इंजिनिअर, पण नाटकाचे वेड खरे. तालमी सुरू करण्याआधी त्याने देवळाच्या सभागृहात सगळ्यांना तो जुना सिनेमा प्रोजेक्टरवर दाखवला. सिनेमात शेटजींचे तोंड कुठे दिसतच नव्हते. उंच पाठीची एक खुर्ची आणि तिच्या बाजूने लोंबणारा हात, शेवटपर्यंत तेवढेच. आपणही असेच करायचे, सिद्धेश म्हणाला. मध्येच उठणे नको, नमस्कार नको.

घरी जेवताना कृष्णनाथची बायको मालती म्हणाली, "त्या सिनेमातल्या शेटीपेक्षा तुमचो हात बरो." तरीही त्याने अर्धे जेवण टाकून हात धुतले.

रविवारच्या तालमीत त्याला पाठमोरे बसवले. हात कसा सैल सोडायचा ते सिद्धेश दाखवू लागला, तेव्हा कृष्णनाथने हात आवरून घेतला.

"मी उ... उठतलंय."

सिद्धेश त्याच्यासमोर उकिडवा बसला. "काका, मेलेलो मदीच उठलो तर रहस्य खंय उरता? आणि भटजींका मी विचारलंय. देवाची काय हरकत नाय."

"दे... देवाखातर न्हय रे." पुढचा शब्द कितीतरी वेळ येईना. कोणी तो पुरवायलाही गेले नाही. "लोक टा... टाळ्यो मारतत. माका तितक्योच गावतत."

मग सिद्धेशनेच तोड काढली. उठायचे, पण अगदी शेवटी, खुनी सापडल्यावर. मात्र तोवर नाटकभर हात तसाच लोंबता ठेवावा लागेल, जमेल का? कृष्णनाथने मान हलवली.

उत्सवात दोन्ही अंक तो हात जरासुद्धा हलला नाही. खुनी सापडला, गुप्तहेराने हॅट काढली आणि शेटजी उठले. देवळाकडे वळून हात जोडायला गेले तर डावा हात वर येईना. मुंग्या येऊन तो पार बधिर झाला होता. त्यांनी उजव्याने तो उचलला. गळून पडला. पुन्हा उचलून छातीशी आणला आणि उजवा तळवा त्याला टेकवला. मेलेला माणूस नमस्कार करील तर असाच, असे मांडवाला वाटले आणि माणसे टाळ्या वाजवत उभी राहिली.

पुढच्या रांगेतली मालती तेवढी विंगेकडे धावली. पडदा पडल्यावर ती त्याचा हात खसखसा चोळू लागली. "फुडल्या वर्सा उजवो सोडा," तिने बजावले.

कृष्णनाथने ते ऐकलेच नाही. बाहेर टाळ्या अजून थांबल्या नव्हत्या.