जीपच्या डोळ्याची फटफटी

मी काकाजींच्या फटफटीला मोठा लाईट बसवला आणि त्यामुळे आमच्या अख्ख्या गल्लीत अंधार पडला.

हे अल्लीपूरचं सांगतोय. माझं गाव पार तिकडं कोल्हापूरच्या बाजूला. आठवीत शाळेनं मला सोडलं (की मी शाळेला, यावर घरी अजून एकमत नाही) आणि फिरत फिरत वर्धा जिल्ह्यात येऊन काकाजींच्या भाजीच्या मळ्यात कामाला लागलो. काकाजी म्हणजे मालकच. पण मला टायफॉईड झाला तेव्हा काकूंनी स्वतःच्या हातानं मऊ भात भरवला, त्यानंतर मालक म्हणायला जीभ वळेना. आता एवढी माया मिळाली की माझ्यासारख्या भित्र्या माणसाला एकच घोर लागतो. आपल्या हातून काहीतरी होणार आणि हे लोक आपल्याला गावी धाडणार!

तर उपकार फेडायला मी फटफटीचा लाईट निवडला. गाडी शंभर सीसीची, जुनी. पुढचा लाईट असा, की तो लागलाय का हे बघायला बॅटरी मारावी लागायची! त्या दिवशी संध्याकाळी वंदनाताईला, म्हणजे काकाजींच्या मुलीला, बघायला तळेगावचे पाहुणे येणार होते. मला वर्ध्याला पेढे आणायला पाठवलं. पेढे घेतले आणि तसाच मेस्त्रीकडं गेलो. त्यानं भंगारातल्या जीपचा परातीएवढा लाईट काढून आमच्या गाडीला बसवला.

"पाह्य भाऊ," मेस्त्री म्हणाला, "हा इंजिनावर चालते. रेस देशीन तं सूर्य. रेस सोडशीन तं काजवा."

"चालतंय की!" मी म्हणालो. (तिथंच चुकलं.)

आता आमच्या गल्लीची रीत सांगायला हवी. मीटरवर घरटी एक बल्ब. बाकी सगळं आकड्यावर. म्हणजे वायरीचा हूक करून सरळ खांबावरच्या तारेत अडकवायचा, मीटरला त्रास द्यायचा नाही. वीज बोर्डाची जीप नाल्याच्या वळणावर दिसली की जो पहिला बघेल त्यानं बोंब ठोकायची, आणि सगळ्यांनी बांबूनं आपापले आकडे काढायचे. आमच्या घरचा आकडा काढायचं काम माझं. मी त्यात तरबेज होतो.

नाल्यावर आलो तेव्हा दिवस बुडाला होता. मी रेस दिली. समोरचा रस्ता, बाभळी, बाभळीवरचा बगळा, सगळं दुपारसारखं दिसायला लागलं! मी खुशीत होतो. तिकडं गल्लीच्या तोंडाशी काय चाललं होतं ते मला नंतर कळलं.

"जीप आली बे! काढा आकडे!"

"अबे, पन एकच लाईट दिसून राह्यला ना!"

"सरकारी गाडी हाय ते! एक डोया फुटला असन!"

मला लांबून एवढंच दिसलं, की गल्लीतली घरं एकेक करून विझतायत. जीप आली! मागं वळून बघितलं तर नुसती धूळ. (धुळीत जीप असणारच!) आणि आमचा आकडा काढायला घरी कोण? पाहुणे बसलेले, आकड्यावर ट्यूबलाईट, पंखा आणि शेजारून मागून आणलेला कूलर!

मी रेस पिळली. लाईट भडकला. लाईट भडकला म्हणून गल्ली आणखी घाबरली. गल्ली घाबरली म्हणून मी आणखी पिळली. स्वतःच्याच पुढं एवढ्या जोरात पळालेला माणूस जिल्ह्यात दुसरा नसेल!

अंगणात शिरलो, ब्रेक मारला, आणि सूर्याचा काजवा झाला. पुढचं काही दिसेना. दुसऱ्या दिवशीच्या बाजारासाठी सांभाराच्या जुड्यांचा ढीग रचून ठेवला होता (आम्ही तिकडं कोथिंबीर म्हणतो), त्यात गाडी एकीकडं आणि मी डोक्याकडून एकीकडं.

अंधारात कुणीतरी हात जोडून उठलं. "साहेब, आमचा काई संबंध नाई! आमी पाहुने हावो, तळेगावचे! पोरगी पाह्याले आलो!"

भिंतीकडून काकाजींचा आवाज आला. "मी... चिचा पाडून राह्यलो होतो साहेब!" (अंधारात. आकड्याच्या बांबूनं. पाहुण्यांना सोडून. धुतलेल्या धोतरात.)

"काकाजी, मी हाय. सदा."

काकाजी चाचपडत पुढं आले.

"अबे सद्या! मंग जीप कुठी हाय?"

"मीच हाय जीप."

आत वंदनाताई खो खो हसली. पण बाकी कुणाला हसू येईना. काकाजींनी घाबरून आकडा वायरीसकट विहिरीत फेकला होता, आणि त्या ओढाताणीत मीटरवरचा बल्बही उडाला होता.

"अंधारात पोरगी काय पाह्याची?" मुलाचे वडील चपला शोधायला लागले. "निंगतो आमी."

काकूंचा हुंदका ऐकला आणि मी उठलो. गाडी ओसरीकडं तोंड करून स्टँडवर लावली, किक मारली, रेस दिली. ओसरी नाटकाच्या स्टेजसारखी उजळली! वंदनाताई पोह्यांचा ट्रे घेऊन आली.

मुलानं विचारलं, "शिक्षन कितवीवरी झालं?"

"काय म्हनलं?" इंजिनाच्या आवाजात तिला ऐकूच जाईना.

मी मदत म्हणून रेस सोडली. आवाज गेला, त्यासोबत मुलगीही गेली.

"सद्या, रेस दे!" काकू ओरडल्या.

दिली. मुलगी आली, आवाज गेला. दिसायची तेव्हा ऐकू येईना, ऐकू यायची तेव्हा दिसेना! शेवटी मुलाच्या आईच मुलाच्या कानाशी ओरडल्या, "आयकून घ्याले सारा जनम हाय! आता पाहून घे!"

त्यानं पाहून घेतलं. पसंत! पेढे सांभारात सापडले, त्यांची बर्फी झाली होती, ती सगळ्यांनी खाल्ली.

सकाळी मी वळकटी बांधली.

"काऊन बे, कुठी चालला?" काकाजी.

"गावाला. तुम्ही धाडायच्या आधी."

"आन् लगनाचं काम कोन करन, तुहा बाप? ठेव ते वयकटी!"

माझे डोळे भरून आले. लग्नात आचाऱ्यापासून वऱ्हाडाच्या गाडीपर्यंत सगळं माझ्याकडं दिलं. फक्त मांडवाच्या लाईटीला वेगळा माणूस होता, आणि त्याला काकूंनी बजावलं होतं, "काई बी होवो, सद्याले बटनाजवय येऊ नको देजो."

लग्नभर लाईट एकदाही गेली नाही. काकू अजूनही त्याचं श्रेय मलाच देतात.