दुपारी लाल होणारा दिवा

आमचं घर एक, चुली दोन. मधल्या भिंतीला लोखंडी दार आहे, ते एरवी उघडंच असतं. अलीकडे मी आणि बायको, पलीकडे मोठा भाऊ, वहिनी आणि त्यांची मुलगी. पुतणीचे नर्सिंगच्या परीक्षेचे क्लास मोबाइलवर सुरू झाले, तेव्हा दोघा भावांनी मिळून वायफाय घेतलं. मुख्य डबी माझ्याकडे आणि तिची जोडीची डबी भावाच्या बैठकीत. दोन्हींच्या मधे वायर नाही. बसवायला घाटंजीहून आलेल्या माणसानं सांगितलं, "पांढरा दिवा म्हंजे बराबर. पिवळा झाला तं कमजोर. अन् लाल झाला का समजा, या डबीले त्या डबीचा पत्ताच नाही."

काही दिवस सुरळीत गेले. मग भावाकडचा दिवा रोज दुपारी लाल होऊ लागला, तोही ऐन क्लासच्या वेळी. माझ्याकडचा मात्र पांढराच.

एक दिवस भाऊ स्वतः आला. बस म्हटलं तरी बसला नाही. "तुले द्यायचं नसन तं तसं सांग ना. दुपारचं बंद कायले करतं?"

"मी कायले बंद करू? माह्याकडे चालूच हाय, पाह्य."

"तेच तं म्हनतो. तुह्याकडंच कसं चालू राह्यते?"

तो गेला, पण ते वाक्य मनातून जाईना. मी पलीकडे जाऊन प्लग बदलला, टाचणीनं डबी रिसेट केली. संध्याकाळी दिवा पांढरा, सकाळीही पांढरा. दुसऱ्या दुपारी पुन्हा लाल. मला वहिनीचा संशय येऊ लागला. वीज तर दोन्हीकडे सारखीच असते. दुपारी हीच हळूच काहीतरी काढत असेल, म्हणजे आळ आपोआप माझ्यावर. बायकोला तसं बोललो. ती तूर निवडत होती, तिनं मान वर केली नाही. "मले काय मालूम," एवढंच म्हणाली.

शेवटी एका दुपारी चहाचं निमित्त करून मी भावाच्या बैठकीत ठाण मांडलं. नजर डबीवर. वहिनीनं चहा दिला, तीही माझ्याकडे तिरपं पाहत होती. तेवढ्यात तिचा फोन वाजला आणि ती आत गेली. थोड्या वेळानं दिवा पिवळा झाला, मग लाल. डबीजवळ तर कुणीच नव्हतं! मी ताडकन उठून आत गेलो. वहिनी मधल्या दाराजवळ उभी होती. तिनं फोनवर हात ठेवला.

"काय पाह्यजे भाऊजी?"

दार घट्ट लागलेलं होतं. "हे कोनं लावलं?"

"तिकडून लागते. रोजच."

मी अंगणातून फिरून घरात आलो. बायको दाराला पाठ लावून बसली होती, पुढ्यात सुपात तूर.

"दार तू लावतं?"

"हो."

"काहून?"

तिनं सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला. "तुमच्या वयनी दुपारी बहिनीशी फोनवर बोलतात. माह्याबद्दल. सारं आयकू येते. मले नाही आयकाचं."

"मले काहून नाही सांगितलं?"

"सांगून काय झालं असतं? तुमी भांडाले गेले असते."

दुसऱ्या दिवशी वायर आणून मी ती दाराखालून पलीकडच्या डबीपर्यंत नेली. दिवा पांढरा झाला आणि तसाच राहिला. भावानं विचारलं, "बिघाड काय होता?"

"दार लागून राह्यलं होतं. लोखंडी हाय, आरपार जात नाही."

"लावते कोन?"

"वाऱ्यानं लागत असन."

भावानं दाराच्या जाड कडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. वहिनी मात्र त्या दिवसापासून फोन आला की अंगणाच्या टोकाला, पार तारेच्या कुंपणापाशी जाऊन बोलते. तिथून काहीच ऐकू येत नाही. तरी बायको दुपारी दार लावतेच.