कंपनीने जोडी लेकीला दिली

‘‘बैल विका,’’ देवधर साहेब म्हणाले.

मुंबईहून साकोलीला लागलेला ट्रंक कॉल होता. मला वाटलं, लाइनमध्ये दुसऱ्या कोणाचं बोलणं घुसलं. तेव्हा असं नेहमी व्हायचं. मी विचारलं, ‘‘साहेब, काय विकू?’’

‘‘बैल. दोन्ही. मार्चअखेरीच्या आत.’’

ट्रॅक्टर बनवणाऱ्या कंपनीचा सेल्स मॅनेजर आपल्या फील्ड ऑफिसरला बैल विकायला सांगतो, हे ऐकून वाचक गोंधळला असेल. म्हणून आधी बैल कुठून आले ते सांगतो.

आमच्या भंडारा जिल्ह्यात धानाची कापणी-मळणी झाली की पट सुरू होतात. पट म्हणजे शंकरपट, बैलजोड्यांची शर्यत. हलका छकडा, त्याला जुंपलेले दोन वारे, आणि वर उभा राहून त्यांना हाकणारा माणूस. त्याला धुरकरी म्हणायचं. पटाला अख्खा मुलूख लोटतो. पाहुणे येतात, सोयरिकी जुळतात, मटण शिजतं. अशा ठिकाणी मी ट्रॅक्टर घेऊन डेमोला जायचो. डेमो म्हणजे शेतकऱ्यापुढे यंत्र चालवून दाखवणं. लोक दोन मिनिटं बघायचे आणि म्हणायचे, ‘‘चांगला हाय जी. पण पटात पयते का?’’ आणि निघून जायचे.

मग देवधर साहेबांच्या आधीच्या साहेबांना एक युक्ती सुचली. विलायतेत मोटार कंपन्या नाव व्हावं म्हणून शर्यतीत मोटारी उतरवतात. आपण बैल उतरवू. हेड ऑफिसने मंजुरी दिली. मंजुरी देणाऱ्यांनी कागद नीट वाचला होता का, याची मला आजही शंका आहे. पण जोडी आली. नावं ठेवली डिझेल आणि पिस्टन. पाठीवर कंपनीच्या नावाची झूल. धुरकरी म्हणून सोमाजी कापगते कंपनीच्या पगारपटावर घेतले. हुद्दा होता ‘डेमॉन्स्ट्रेटर’. सोमाजींना तो शब्द फार आवडायचा. नवीन माणसाला ते नावाच्या आधी हुद्दा सांगायचे.

दोन मोसमांत आमची जोडी ‘अ’ गटात गेली. म्हणजे सगळ्यात वरच्या. जोडी जिंकली की गर्दी झूल वाचत वाचत आमच्या मांडवात यायची, आणि तिथे ट्रॅक्टर उभा असायचा. मग बुकिंग. त्या काळी ट्रॅक्टर दुकानातून उचलून नेता येत नसे. आगाऊ रक्कम भरायची आणि नंबर लागेपर्यंत थांबायचं. थांबणाऱ्यांची आमची यादी लांब होती आणि साकोलीचं छोटं ऑफिस तिच्यावरच जगत होतं.

मग मंदी आली. पाऊस रुसला, डिझेल महागलं. मुंबईत खर्चाला कात्री लागली आणि ती कात्री वेंगुर्ल्याच्या होर्डिंगपासून थेट डिझेल-पिस्टनच्या सरकीच्या ढेपेपर्यंत आली.

‘‘लांजेवार, मंदीत विलायतेतल्या बड्या मोटार कंपन्यासुद्धा रेसिंग सोडतात,’’ देवधर साहेब फोनवर म्हणाले. ‘‘त्यात लाज कसली?’’

लाज कसली, ते मला सोमाजींनी सांगितलं. मी गोठ्यात गेलो तेव्हा ते पिस्टनच्या मानेला हळदीचा लेप लावत होते.

‘‘इकाची म्हंता?’’ त्यांनी हात थांबवला नाही. ‘‘इका ना. पण पट संपल्यावर इका. भर पटात जोडी कोण इकते, मालूम हाय का साहेब?’’

‘‘कोण?’’

‘‘ज्याचं घर बुडून राहिलं तो.’’

हे मी देवधर साहेबांना कळवलं. पट संपता संपता मार्च उलटणार होता. साहेब हसले. अंधश्रद्धा म्हणाले. आणि मला न विचारता त्यांनी नागपूरहून एक दलाल पाठवून दिला. तोही साकोलीच्या बाजाराच्या दिवशी. आमचं ऑफिस बाजाराच्या तोंडाशी. दलालाने बैल बाहेर बांधून घेतले, डिझेलचा जबडा उघडला आणि भर रस्त्यात दात पाहू लागला. बाजारातली माणसं वांगी-टमाटर सोडून गोल करून उभी राहिली. गणपतीच्या मांडवालाही आमच्याकडे इतकी गर्दी जमत नाही.

दलाल भाव सांगायच्या आत बातमी लाखनीपर्यंत पोचली. कंपनी बुडाली.

दुसऱ्या दिवशी ऑफिस उघडायला गेलो तर पायरीवर नथ्थूजी पाटील बसलेले. बुकिंगच्या यादीत पहिलं नाव त्यांचं. मागे यादीतली बाकीची बरीच मंडळी. हे पाटील शब्दाचे पक्के. ते जिथे पैसे ठेवतात तिथे पंचक्रोशी ठेवते. आणि काढतात तेव्हा काढते.

‘‘लांजेवार साहेब, आमचं बुकिंग वापस करा.’’

‘‘काहून पाटील?’’

‘‘मले इचारता काहून? जोडी इकून राहिले ना तुमी?’’

‘‘अहो, मुंबईला एवढा मोठा कारखाना आहे. दोन बैल विकल्याने तो बुडतो का?’’

‘‘कारखाना आमी पायला नाई,’’ पाटील शांतपणे म्हणाले. ‘‘बैल पायले.’’

या युक्तिवादावर मला सेल्सच्या ट्रेनिंगमध्ये काही शिकवलं नव्हतं. मी पुढच्या बाजारापर्यंतची मुदत मागितली. पाटलांनी ती दिली, कारण बाजाराला ते पुन्हा येणारच होते. मी दलालाला परत पाठवलं आणि मुंबईला फोन लावला. साहेबांचं हसणं संपलं होतं. ‘‘बुकिंगं तुटली तर साकोली ऑफिस बंद,’’ ते म्हणाले. ‘‘तुम्ही, मेकॅनिक, क्लार्क, सोमाजी, सगळे घरी. वर मी काही बोलू शकणार नाही.’’

म्हणजे जोडी ठेवता येत नव्हती, कारण मुंबई. विकता येत नव्हती, कारण साकोली.

त्याच संध्याकाळी मी स्कूटर काढून पाटलांच्या गावी गेलो. त्यांनी चहा दिला. मी म्हटलं, ‘‘पाटील, बुकिंगचं बोलायला नाही आलो. एक रीत विचारायला आलो. भर पटात चांगल्या घरातून जोडी जाऊच शकत नाही का? एकही वाट नाही?’’

पाटलांनी बशीतला चहा संपवला. ‘‘हायत ना. दोन. एक त बैल मेला पायजे.’’

‘‘आणि दुसरी?’’

‘‘लेकीसंगं गेला पायजे. आंदणात. पटाची जोडी लेकीले देल्ली त त्या घराचं नाव होते. उलट लोक म्हंतात, भरलं घर हाय.’’ मग मिशीत हसले. ‘‘पण तुमच्या कंपनीले लेक कुठून आणता?’’

स्कूटरवर परतताना मी मोठ्याने हसत होतो. रस्त्यावरच्या एका बैलगाडीवाल्याने मला वाट देऊन गाडी खाली उतरवली.

कंपनीला लेक होती. सोमाजींची कमला. याच मोसमातल्या एका पटात तिची सोयरीक ठरली होती, वडसा भागातल्या एका शेतकऱ्याच्या घरी. मुलगा स्वतः धुरकरी. लग्न पंधरवड्यावर होतं.

सोमाजींना सांगितलं तर ते चिडले. ‘‘माही पोरगी गरिबाची हाय, भिकाऱ्याची नाई. फुकटाची जोडी घेऊन मी लोकाइले काय सांगू?’’

‘‘फुकट कुठे? तुम्ही कंपनीचे माणूस. मग कमला कंपनीची लेक नाही का? तुम्ही एकटे देणार नाही, कंपनी देणार. मांडवात उभी राहून देणार.’’

‘‘कंपनी उभी राहाते का?’’

‘‘राहील. मुंबईहून येईल.’’

सोमाजींनी पिस्टनच्या मानेवरून हात फिरवला. मग म्हणाले, ‘‘तिच्या मायले भाऊ नाई. मामाची जागा खाली हाय.’’

हा फोन मी जपून केला. खर्च शून्य, जोडी मार्चच्या आत दाराबाहेर, बुकिंग शाबूत. साहेबांना तिन्ही गोष्टी पटल्या. जोडीची किंमत त्यांनी कर्मचारी कल्याणात बसवली. शेवटी मी म्हटलं, ‘‘फक्त एकच. तुम्हाला मामा म्हणून उभं राहावं लागेल.’’

‘‘म्हणजे नक्की काय करायचं?’’

‘‘काही नाही साहेब. मंगलाष्टकांना मुलीच्या मागे उभं राहायचं.’’

बाकीचं मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते आले नसते.

देवधर साहेब सफारी सूट घालून आले. जांभळीच्या डहाळ्यांचा मांडव होता. ‘लग्न पाहून बुकिंगचं ठरवू’ म्हणून थांबलेले पाटील आणि यादीतली मंडळी पुढच्या रांगेत, वऱ्हाडी कमी आणि पंच जास्त असे बसलेले. आल्या आल्या साहेबांच्या डोक्याला फेटा बांधला गेला आणि ते मुलीकडचे झाले. मुलीकडचा झालेला माणूस मुंबईचा असो की मुंडीकोट्याचा, त्याची गत एकच.

‘‘मामाजी, पाणी गरम हाय,’’ नवऱ्याचा काका म्हणाला.

साहेबांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मी मांडवाच्या खांबाकडे पाहिलं. साहेब स्वतः मडक्यातलं पाणी घेऊन आले.

‘‘मामाजी, वांग्याच्या भाजीत वांगं हुडकाव लागून राहिलं.’’

‘‘बघतो, लगेच बघतो,’’ साहेब म्हणाले. ऑफिसात ज्यांच्यापुढे माझा आवाज फुटत नसे, ते बादली आणि डाव घेऊन पंगतीत वाढत होते. आणि, मला कबूल केलं पाहिजे, झकास वाढत होते. ‘‘सावकाश होऊ द्या’’ असं प्रत्येक पानापाशी म्हणत होते.

अक्षता पडल्या. मग डिझेल आणि पिस्टनला आणलं. शिंगं रंगवलेली, गळ्यात घुंगरमाळा, पाठीवर तीच कंपनीची झूल. साहेबांनी कासरा नवऱ्याच्या हातात दिला. काहीतरी बोलायला हवं असं त्यांना वाटलं असावं. ते म्हणाले, ‘‘सांभाळा.’’ कमलाने वाकून पायाला हात लावला तेव्हा त्यांनी माझा रुमाल मागितला. तो मला परत मिळाला नाही.

मग नथ्थूजी पाटील उठले, जोडीभोवती एक फेरी मारली आणि माझ्याजवळ येऊन म्हणाले, ‘‘लांजेवार साहेब, माह्या ट्रॅक्टरचा नंबर कधी लागते?’’

‘‘बुकिंग वापस नको?’’

‘‘लेकीले जोडी देणारं घर. कायले वापस घेऊ?’’

यादीतल्या दोघांनी तरीही पैसे काढले. त्यांच्या घरी खरंच अडचण होती. बाकी सगळे थांबले. साकोली ऑफिस तगलं. सोमाजी आमचे डेमॉन्स्ट्रेटरच राहिले, आता ट्रॅक्टरचे. पुढच्या वर्षी जावयाने त्या जोडीवर वडशाकडचा एक मोठा पट मारला. लोक अजून तिला ‘कंपनीची जोडी’च म्हणत होते, आणि ढेप जावई घालत होता. इतकी स्वस्त जाहिरात कंपनीने नंतर कधी केली नाही. देवधर साहेबांना मात्र दर दिवाळीला भाचीसाठी लुगडं पाठवावं लागलं. ते त्यांनी रिटायर होईपर्यंत पाठवलं, स्वतःच्या खिशातून.

या नोकरीत मी एवढंच शिकलो. शर्यतीत उतरायला हेड ऑफिसची मंजुरी पुरते, बाहेर पडायला नातेवाईक लागतात.

मंदी सरली तेव्हा मुंबईहून नव्या साहेबांचं पत्र आलं. बाजार सुधारतो आहे, पटासाठी पुन्हा जोडी घेण्याबद्दल आपलं मत कळवावं. मी उलट टपाली कळवलं, की प्रस्ताव उत्तम आहे, पण सध्या आमच्या ऑफिसात लग्नाची मुलगी नाही.