उसाच्या ट्रॉलीवरचे डहाळे

सकाळी परसात शेवग्याच्या शेंगा काढत होते. फोन आतल्या खोलीत वाजत राहिला आणि मी मनात म्हटलं, वाजू दे, आक्का असेल, तिला कुठला धीर, पुन्हा करीलच. पुन्हा वाजला. नंबर आक्काचाच होता, पण बोलत होता तिचा मुलगा विलास. "मावशी... आई गेली," एवढंच म्हणाला. चहा पिऊन गोठ्याकडं निघाली होती, जरा टेकते म्हणून ओट्यावर बसली आणि बसल्या जागीच गेली. माझ्या ओच्यात शेंगा तशाच होत्या. या गोष्टीला आता दीड महिना होत आला. अजून सकाळच्या त्या वेळेला फोन वाजला की मी हातातलं काम सोडत नाही. आक्का पुन्हा करील, असंच वाटतं...

आम्ही दोघीच बहिणी, भाऊ नाही. आई-वडील जाऊन पुष्कळ वर्षं झाली, त्यामुळे मला माहेर म्हणजे आक्का. तिला पोखर्णीजवळ दिलेलं, मला गंगाखेडला. मधला रस्ता तासाभराचा, पण आक्काला तो रस्ता म्हणजे अंगण. भाजीची पिशवी घेऊन एसटीत बसायची, दारातूनच "सुमे, चहा टाक" म्हणायची आणि चहा होईस्तोवर माझं निम्मं घर आवरून मोकळी व्हायची. तिचा आवाज असा खणखणीत की फोनवर ती माझ्याशी बोलायची आणि शेजारच्या काकू मला नंतर विचारायच्या, "मग विकली का म्हैस तुमच्या बहिणीनं?" मला तिचा राग यायचा. माझ्या घरात येऊन माझेच डबे इकडचे तिकडे करायची. आता डबे जिथल्या तिथं आहेत, आणि त्याचं काही सुख नाही.

चार वर्षांपूर्वी आमच्या ऋतुजाचं लग्न निघालं. पोरीनं पहिल्यापासून सांगितलं, कार्यालय नको, लग्न आपल्या परसात करायचं. तिथं आहे काय? मधोमध एक कडुनिंब, कोपऱ्यात शेवगा, पाण्याचा हौद, धुण्याचा दगड आणि कपडे वाळत घालायच्या तारा. तरी झाडून-सारवून, विटा-बिटा उचलून जागा मोठी मोकळी निघाली. पुण्याहून येताना ऋतुजानं बल्बच्या माळा आणल्या होत्या. गावातला डेकोरेशनवाला पांढरं कापड घेऊन आला आणि हौद, दगड, भिंत सगळं झाकून टाकायच्या मागे लागला. इथवर ठीक होतं. घोळ झाला तो पत्रिकेत.

आमच्याकडे मांडवावर टाकायचे हिरवे डहाळे नवरीच्या मामानं आणायचे असतात. आंब्याचे, जांभळाचे, उंबराचे. लग्नाच्या आदल्या दिवशी मामा ते वाजतगाजत घेऊन येतो, त्याला दारात ओवाळायचं, फेटा बांधायचा, मग मांडव हिरवा करायचा. सख्खा भाऊ नसल्यामुळे हा मान आमच्या चुलतभावाचा, बाळूचा. आणि छापणाऱ्यानं पत्रिकेतून नेमकं त्याचंच नाव गाळलं. पत्रिका वाटून झाल्यावर ते आमच्या ध्यानात आलं. मी फोन केला तर तो म्हणाला, "मी मामा हाय का न्हाई, ते आधी पत्रिकेत बघा." हे त्याच्या घरी जाऊन बसले, माफी मागून आले. त्यांना पाणी मिळालं, होकार मिळाला नाही. तिकडे माझ्या मोठ्या जाऊबाई येता-जाता विचारायला लागल्या, "सुमन, डहाळे कवा येणार तुझ्या माहेराहून?" त्या वाईट हेतूनं विचारत नव्हत्या, पण मला ते लागायचं. एवढी सासरची माणसं भरलेली आणि माझ्या लेकीच्या मांडवावर टाकायला माझ्या बाजूचं एक पानसुद्धा नाही. मी हौदाच्या आडोशाला जाऊन आक्काला फोन लावला आणि रडले.

"रडायलीस कशाला?" आक्का म्हणाली. "डहाळे झाडाला लागतेत का बाळूला? मी हाय की." आणि फोन ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी गल्लीच्या तोंडाशी मोठ्यानं गाणी वाजायला लागली. आम्हाला वाटलं, बाळू आला. सगळे बाहेर धावले. बघतो तर कारखान्याला निघालेला उसाचा ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्या, उसाच्या ढिगावर हे एवढे हिरवेगार डहाळे बांधलेले, आणि ड्रायव्हरशेजारी मडगार्डवर पदर खोचून बसलेली आमची आक्का. तिच्या रानातली ऊसतोड नेमकी त्याच दिवशी आलेली. तिनं ऊस भरून घेतला, वर डहाळे चढवले, स्वतः चढली आणि ड्रायव्हरला सांगितलं, कारखान्याच्या आधी भाचीच्या मांडवात जायचं. वाजंत्री नव्हती म्हणून ड्रायव्हरनं स्पीकर पुरता मोठा केला. मागे गाड्यांची रांग लागली, हॉर्न वाजायला लागले. आक्का शांतपणे उतरली आणि रांगेतल्या पहिल्या मोटारसायकलवाल्याला म्हणाली, "थांब की बाबा जरा. लगीन हाय." तो थांबला. वर डहाळे उतरवायलाही लागला.

ओवाळताना प्रश्न आला फेट्याचा. थोरले भाऊजी फेटा हातात घेऊन उभे. बाईला बांधायचा कसा, हे त्यांना कळेना. आक्कानं पदर डोक्यावर नीट घेतला आणि म्हणाली, "बांधा की पाव्हणं. डोकं मलाबी हाय." भाऊजींनी गंभीर चेहऱ्यानं पदरावरून फेटा बांधला. जाऊबाई पहिल्यांदा हसल्या आणि मग काय झालं कुणास ठाऊक, डोळे पुसायला लागल्या. मी तर आधीपासूनच पुसत होते.

मग परसाचा ताबा आक्काकडे गेला. डेकोरेशनवाल्याला म्हणाली, "हौद कशाला झाकायलाव? भरा की पाण्यानं, झेंडू सोडा त्यात. लेकरू त्या हौदात डुंबून मोठं झालंय, त्याला काय लपवायचं?" कापड गुंडाळून ठेवलं गेलं. धुण्याच्या दगडाला चुना लागला, त्यावर समई आली. ऋतुजाच्या माळा कडुनिंबात चढल्या. मांडवाच्या छताला जांभूळ आणि उंबर, दारांना आंबा. आक्का स्टुलावर उभी राहून तिच्या नवऱ्यानं, म्हणजे आमच्या दाजींनी, वळलेल्या अंबाडीच्या दोरानं एकेक डहाळी बांधत होती. तिची गाठ अशी की बैलसुद्धा सुटायचा नाही. आणि एवढं झाल्यावर तिला सुचलं की मांडवाच्या खांबांना ऊस बांधावा, शेंड्याच्या पानांसकट. दिसायला इतका देखणा झाला मांडव की ऋतुजा मावशीच्या गळ्यातच पडली. फक्त एक गोष्ट कुणाच्याच लक्षात आली नाही. वऱ्हाड आपल्याच भागातलं होतं, आणि आपल्या भागातल्या माणसाच्या हाताशी ऊस ठेवला तर तो बघत बसत नाही.

दुसऱ्या दिवशी मंगलाष्टकांपर्यंत खांबांचे ऊस कमरेइतके उरले होते. व्याहीबुवा स्वतः एक कांडं सोलत बसलेले. पांढऱ्या चादरीवर चोथ्यांचे ढीग, आणि त्यांच्या मागोमाग मुंग्या आल्या. अंतरपाटाच्या पलीकडे नवरदेव एकदा हा पाय उचलायचा, एकदा तो. लोकांना वाटलं, पोरगा घाबरलाय. आक्का माझ्या कानाशी म्हणाली, "गोड मांडव हाय म्हणावं, मुंग्या तर येणारच." मला त्या दिवशी इतकं हसू आलं की पाठवणीला रडायला त्राण उरलं नाही. लेकीच्या लग्नात पोटभर हसलेली आई मी दुसरी पाहिली नाही, आणि ते सगळं आक्काचं देणं.

चार दिवसांनी मांडव उतरवायला तीच आली. ज्यानं बांधलं त्यानंच सोडावं, हा तिचा हट्ट. सगळ्या गाठी सोडल्या, मागच्या दाराच्या चौकटीवरची एक आंब्याची डहाळी तेवढी ठेवली. "ऱ्हाऊ दे ती. पुढल्या वेळी येईन तवा सोडीन." पुढच्या वेळी आली, चहा प्याली, वर बघितलं आणि म्हणाली, "आता उशीर झाला. पुढल्या वेळी." मग हे ठरूनच गेलं. पानं वाळली, गळून पडली, नुसती काटकी उरली. मी एकदा म्हटलं, "आक्का, अगं जळमटं धरलीत तिला." तर म्हणाली, "मंग झाड. सोडायचं मी बघते." माझ्या ध्यानात येत होतं सगळं. बहिणीकडे यायला तिला निमित्त लागत नव्हतं. पण आई-वडलांच्या मागं, या दाराला माहेराचं काहीतरी बांधलेलं असावं आणि त्यासाठी माहेराला परत यावंच लागावं, एवढं तिला माझ्यासाठी हवं होतं. आम्ही दोघी हे कधी बोललो नाही.

गेल्या आठवड्यात दाजी आले, एकटेच, एसटीनं. एरवीही ते कमीच बोलतात. आम्ही परसात बसलो. चहा झाला. उठता उठता त्यांची नजर चौकटीवर गेली. स्टूल ओढून वर चढले, दोर बोटानं चाचपला. "माझ्याच हातचा हाय," म्हणाले. मग खाली न बघता विचारलं, "सोडू का, सुमनबाई? लय दिवस झाले."

माझ्या तोंडून आपसूकच निघालं, "आज नका, दाजी. पुढल्या वेळी याल तवा सोडा."

ते वरच थांबले. गाठीवर हात तसाच. "ती घरी येऊन हसायची," हळूच म्हणाले, "म्हणायची, आजबी ठिवून आले."

मग सावकाश खाली उतरले, स्टूल जागेवर नेऊन ठेवलं. मी शेंगांची पिशवी त्यांच्या हातात दिली. टोपी नीट करत दारातून मागे वळून त्यांनी एकदा चौकटीकडं पाहिलं आणि म्हणाले, "बरं. मंग येतो पुढल्या वेळी."