आवाज न करणारं मशीन

गल्लीत मास्तर दोन होते. एक कवायतीचे, शाळेतून निवृत्त झालेले. दुसरे टेलरमास्तर, त्यांच्या भिंतीला भिंत लावून राहणारे. दोघंही एकमेकांना 'मास्तर' म्हणत, त्यामुळे नवख्या माणसाला कोण कुणाला हाक मारतंय ते कळायला वेळ लागे. आपण सोयीसाठी कवायतीच्यांना मास्तर म्हणू आणि दुसऱ्यांना टेलर. मास्तरांना गल्लीनं ठेवलेलं आणखी एक नाव होतं, एकघाव. कारण त्यांचा कारभारच एक घाव दोन तुकडे असा. ओंडका ठोकळ्यावर उभा केला की कुऱ्हाड एकदाच पडायची. बोलण्याचंही तेच. समोरच्याचं म्हणणं पुरतं व्हायच्या आत मास्तरांचा निकाल लागलेला असे, आणि तो मैदानाच्या पलीकडच्या टोकाला ऐकू जाईल अशा आवाजात. आयुष्यभर कर्ण्याशिवाय पोरांना डावीकडे-उजवीकडे वळवलेला माणूस. घरात पाणी मागितलं तरी चार घरांना तहान लागायची.

थंडी त्या गावात चांगलीच पडायची. घरोघरी लोखंडी शेगडी, भिंतीतून वर गेलेलं धुराडं, आणि थंडीच्या तोंडावर ट्रकमधून अंगणात ओतलेले ओंडके. ते फोडणं ज्याचं त्यानं बघायचं. मास्तरांना हा हंगाम फार आवडे. बनियनवर अंगणात उतरायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असे फोडत राहायचे.

गेल्या थंडीत टेलरचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी जोर करायला बंदी केली, म्हणून त्यांनी लाकडं फोडायचं विजेवरचं मशीन आणलं. दिसायला बाकासारखं. एका टोकाला घट्ट बसवलेली पोलादी पाचर, दुसऱ्या टोकाकडून एक दांडा सरकत येणार आणि ओंडक्याला पाचरीवर रेटणार. कट्कन आवाज, ओंडका दुभंगला, दांडा मागे. गल्ली बघायला जमली. मास्तर भिंतीवर कोपरं टेकून उभे होते. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

"मास्तर, आता घास चावायलाही एक मशीन आणा. दातांना तेवढीच विश्रांती."

गल्ली हसली. टेलरही हसले, कारण नुकत्याच टाके काढलेल्या माणसाला चारचौघांत दुसरं काय करता येतं? तिथंच थांबलं असतं तर गोष्ट वेगळी. पण हशा हे फार वाईट व्यसन. पुढं टेलरनी मशीन सुरू केलं की मास्तर आपल्या अंगणातून हुकूम द्यायचे. दांडा पुढं निघाला की "सावधान!" आणि मागं गेला की "विश्राम!" दांडाही बिचारा हुकूम पाळल्यासारखाच चाले. लोक खिडक्या उघडून हसत. मास्तरांच्या बायकोनं, म्हणजे बाईंनी, एकदा सांगून पाहिलं की अहो पुरे, त्यांना लागत असेल. मास्तर म्हणाले, थट्टा कळत नाही असा माणूस नाही तो.

काही दिवसांनी पलीकडचं मशीन बंद झालं. बिघडलं असणार, असा निकाल मास्तरांनी दिला. नंतर भिंतीपलीकडून हातकुऱ्हाडीची टकटक ऐकू यायला लागली. टेलरच्या बायकोची होती ती. त्यावरही मास्तर काहीतरी बोललेच. काय बोलले ते त्यांना पुढं आठवेना, आणि तेच जास्त टोचत राहिलं.

या वर्षी मास्तरांचा उजवा खांदा धरला. आधी शर्टाची बाही घालताना कळ यायची. मग हात खांद्याच्या वर जाईचना. डॉक्टर म्हणाले, गोठलाय, सुटायला वेळ लागेल, कुऱ्हाडीचं नावही काढू नका. मास्तरांनी कुऱ्हाडीचं सोडून डॉक्टरांचंच नाव काढायचं बंद केलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. ठोकळा अंगणातून मागच्या शेडमध्ये गेला. "वारा फार असतो पुढं," असं सगळ्यांना सांगण्यात आलं. शेडचं दार आतून लावायचं, डाव्या हातानं कुऱ्हाड जेमतेम छातीपर्यंत उचलायची आणि टाकायची. ओंडक्याला ओरखडा. पुन्हा. पुन्हा. बाई स्वयंपाकघरात सगळं ऐकत होत्या. ज्या घरात वर्षानुवर्षं एकच घाव ऐकू आला, तिथं ठोक्यांवर ठोके पडायला लागले तर काय झालंय ते कुणी सांगावं लागत नाही.

एका सकाळी मास्तर दूध घेऊन परतले तर शेडमधून ठोक्याचा आवाज. दार ढकललं. बाई साडीचा पदर खोचून, कुऱ्हाड दोन्ही हातांनी धरून ओंडक्यापुढं उभ्या होत्या. त्यांना बघून त्या दचकल्या, घाव निसटला आणि पातं त्यांच्या पायापासून जवळच मातीत रुतलं. दोघंही क्षणभर त्या पात्याकडं बघत राहिले.

"मला जमतं तसं," बाई म्हणाल्या. "तुम्ही बाहेर गेलात की थोडी थोडी फोडते. ढीग कमी होत नव्हता ना तुमच्यानं."

म्हणजे रोज संध्याकाळी शेगडीत घालताना मास्तर ज्या चिरफळ्या आपल्या समजत होते, त्या यांच्या होत्या. मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी कुऱ्हाड काढून खुंटीला अडकवली आणि मशीन आणतो म्हणाले. गल्लीतल्या कुणाला न विचारता, गावाच्या दुसऱ्या टोकाच्या दुकानातून. बाई म्हणाल्या, मग तोंडावर रुमालही बांधा.

दुकान अवजारांचं होतं. पंप, शिड्या, गवत कापायची यंत्रं, आणि मागच्या अंगाला लाकडं फोडायची मशीनं ओळीनं मांडलेली. दुकानदारीण चष्मा कपाळावर चढवलेली, बोलायला मोकळी. मास्तरांनी आधीच घोकून ठेवलेलं सांगितलं, की मशीन त्यांच्या साडूसाठी हवंय, साडूचा खांदा धरलाय. तिनं विचारलं, साडूंचे ओंडके जाडीला केवढे असतात? मास्तरांनी दोन्ही हात पसरून दाखवायला घेतले. डावा गेला, उजवा मध्येच अडकला आणि तोंडातून 'आई गं' निसटलं.

"साडूंना अगदी असंच होतं का?" तिनं विचारलं. मास्तरांनी पंपांकडं बघितलं.

मग तिनं एकेक समजावलं. पेट्रोलचं मशीन दणकट, गाठाळ लाकूडही सोडत नाही, पण सुरू केलं की चार गल्ल्यांना कळतं. मास्तरांनी जोरानं मान हलवली, ते नको. हातानं दांडी मारायचं जॅकवालं स्वस्त, वीजही लागत नाही, पण दांडी मारायची खांद्यानंच. मग उरलं विजेवरचं. ते नुसतं गुणगुणतं. त्याला दोन्ही हात लागतात, एक बटणावर आणि एक दांडीवर, म्हणजे कुणी ओंडका हातानं धरायला जाऊन बोटं गमावू नये. पण हात कमरेच्या वर न्यावा लागत नाही. ओंडके मात्र त्याच्या बाकात मावतील एवढेच आखूड हवेत. मास्तरांचे लांब होते. खरं तर पेट्रोलचंच त्यांच्या कामाचं होतं. पण माणूस तोंड लपवायला निघाला की वस्तू कामासाठी निवडत नाही, आडोशासाठी निवडतो.

"न वाजणारंच द्या," ते म्हणाले.

तसं असेल तर एक वापरलेलं आहे, ती म्हणाली, नव्यासारखंच, किंमतही कमी लावीन. कोपऱ्यात राखाडी कापडाखाली ते होतं. कापड म्हणजे नुसतं टाकलेलं फडकं नव्हे. मशीनच्या मापानं शिवलेली खोळ, चाकांपाशी गोलाई दिलेली, कडेला पट्टी, आणि बाजूला हातमोजे ठेवायला झाकणाचा खिसा. "आधीच्या मालकानं शिवलीये," ती कौतुकानं म्हणाली. "एवढा जीव लावला आणि महिन्याभरात परत घेऊन आला."

मास्तरांनी त्या खिशाकडं बघितलं. मग स्वतःच्या कोटाच्या खिशाकडं. झाकणाचं टोक तसंच किंचित तिरकं, कडेची दुहेरी टीप तशीच. हा कोट टेलरनीच शिवला होता, आणि निवृत्तीच्या दिवशी शिलाई घ्यायला नकार दिला होता.

"परत का केलं?" मास्तरांनी विचारलं.

"तेच तर मला कळलं नाही," दुकानदारीण म्हणाली. "म्हणाला, आवाज सहन होत नाही. मी इथं लावून दाखवलं, अहो शिलाई मशीन याहून जास्त वाजतं. मान खाली घालून म्हणाला, नाही हो, आवाज फार आहे."

तिला कळलं नाही. कळणारा माणूस तिच्यासमोरच उभा होता. मास्तरांचे कान तापले. कुणीतरी भर कवायतीत शर्ट उतरवायला लावावा तसं त्यांना वाटलं, फरक इतकाच की बघायला कुणी नव्हतं आणि तरी लाज मावत नव्हती. टेलरनी तिथं नाव घेतलं नव्हतं. शेजारी त्रास देतो म्हणाले नव्हते. बिचाऱ्या मशीनवर आळ घेऊन परत गेले होते. मास्तरांना एकदा वाटलं, दुसरं कुठलंही घ्यावं आणि पळावं. पण ते मशीन तिथं कोपऱ्यात सोडून जाणं त्यांच्यानं झालं नाही. त्यांनी तेच घेतलं.

टेम्पो गल्लीत शिरला तेव्हा मास्तर ड्रायव्हरशेजारी बसले होते. टेलरचं दुकान घराच्या पुढच्या खोलीतच, काचेपाशी शिलाई मशीन. टेलरनी टेम्पोच्या आवाजानं वर बघितलं. मागं राखाडी खोळ. त्यांनी ती ओळखली, मशीनच्या पायट्यावरचं पाऊल थांबलं. मग त्यांची नजर पुढं मास्तरांवर आली. मास्तर टेम्पोच्या पायदानाकडं बघायला लागले.

मशीन शेडमध्ये गेलं आणि खोळीसकट तसंच राहिलं. बाईंनी विचारलं, लावत का नाही? मास्तरांनी सांगितलं. दुकानातलं सगळं, आणि तो 'आवाज' सुद्धा. बाईंनी ऐकून घेतलं. मी तेव्हाच म्हणाले होते, असं म्हणायचा हक्क त्यांना होता, पण त्यांनी तो वापरला नाही. नुसत्या म्हणाल्या, मग इथं काय बसलाय?

मास्तर टेलरकडं गेले. टेलर कुणाच्या तरी विजारीला खालची घडी घालत होते, तोंडात टाचण्या. त्यांनी बसायला स्टूल सरकवलं आणि कोट सैल करायचाय का असं हातानंच विचारलं. मास्तर बसले नाहीत. ज्या गळ्यानं मैदानं हलवली, त्याच गळ्यानं ते हळूच म्हणाले,

"मास्तर, तो आवाज माझा होता ना?"

टेलरनी एकेक टाचणी काढून उशीत खोचली. "जाऊ द्या हो," ते म्हणाले. "थट्टाच होती."

"थट्टा नव्हती. चुकलं माझं."

टेलर पुन्हा जाऊ द्या म्हणणार होते. तेवढ्यात आतला पडदा सरकला आणि त्यांची बायको बाहेर आली. डाव्या अंगठ्याला कापडाची पट्टी बांधलेली, तळवे खरबरीत झालेले. तिनं नवऱ्याकडं बघितलं नाही.

"भाऊजी," ती म्हणाली, "हे तुम्ही फार हळू बोलताय. तेव्हा सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलला होतात."

टेलर "अगं" म्हणाले. ती हलली नाही.

तिचं बरोबर होतं. हसवताना आठ-दहा खिडक्या लागल्या आणि माफी मागायला एक टाचण्यांची उशी. मास्तर मागं वळले, बाहेर आले आणि दोन्ही घरांमधल्या भिंतीपाशी जाऊन उभे राहिले. दुपार उतरली होती. लोक कामावरून परतत होते, कुणी सायकल टेकवत होतं, कुणी दारात उभं होतं. मास्तरांनी छाती भरून श्वास घेतला. टेलरचं नाव घ्यावं का, असा विचार त्यांच्या मनात आला, आणि कळलं की त्या माणसाला पुन्हा चव्हाट्यावर ओढायचं नाही. या वेळी एकट्यानंच उभं राहायचं.

"ऐका," ते ओरडले. "माझा खांदा गेलाय. मला कुऱ्हाड उचलवत नाही. शेडचं दार लावून नुसते ओरखडे काढत होतो, आणि लाकडं माझी बायको फोडत होती."

वाटेवरची माणसं थांबली. मास्तरांच्या घरच्या बाई दारात आल्या.

"मी पण मशीन आणलंय. तेच आणलंय, ज्याला गेल्या थंडीत हसत होतो. तेव्हा जे बोललो ते नालायकपणाचं होतं."

इथं त्यांचा आवाज फाटला. गल्लीच्या टोकाला कुणीतरी हसलं, आणि त्याच्यासोबत आणखी एकजण. मास्तरांनी ते हसू नीट ऐकलं. कुठं लागतं तेही कळलं. टोकापर्यंत पोचलं नसेल म्हणून त्यांनी घसा साफ केला आणि पहिल्यापासून सगळं पुन्हा सांगितलं.

संपल्यावर बघतात तर टेलर काचेपाशी नव्हते, ते आत निघून गेले होते. त्यांची बायको मात्र उंबऱ्यात उभी राहून शेवटपर्यंत ऐकत होती. ती हसली नाही, की बरं झालं असंही म्हणाली नाही.

"आमचेही ओंडके पडलेत," ती म्हणाली. "सकाळी मशीन इकडं आणा. हे शिकवतील तुम्हाला."